अलेप्पोच्या हयातबाई

हयातबाई आमच्या शेजारी चार वर्षं राहिल्या. भिंतीला भिंत लागून होती. दुपारी त्यांच्याकडे भांडं पडलं तरी मला कळायचं. एवढ्या काळात मी त्यांना एकदाही गाताना ऐकलं नाही. नातीला झोपवताना नाही, ओट्याशी उभ्या असताना नाही. भाजी धुता धुता माणूस आपल्या नकळत जे गुणगुणतो, तेसुद्धा नाही.

त्या सीरियातल्या नावाजलेल्या गायिका होत्या, हे त्यांच्या मुलीने, लीनाने, मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी फोनवर त्यांचं नाव घालून पाहिलं. एका जुन्या दगडी चौकात माणसंच माणसं, मागे वादकांच्या दोन रांगा, आणि मध्ये काळ्या लांब झग्यात आमच्या शेजारच्या बाई. डावा हात छातीवर, उजवा हवेत थोडा उचललेला, जणू कुणाला थांब म्हणताहेत. लोक उभे राहून रुमाल हलवत होते. इकडे भिंतीपलीकडे त्याच बाई लीनाला काहीतरी ओरडून विचारत होत्या, बहुधा कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते.

लीना नाशिकची सून. दिंडोरीजवळच्या एका द्राक्षवाल्या घरातला संदीप दुबईत नोकरीला होता, तिथे दोघांची ओळख झाली. मुसलमान मुलगी, तीही परदेशातली, म्हणून घरात वादळ उठलं आणि काही महिन्यांनी बसलं. "नाव तरी आपल्यासारखं हाय, बदलायला नको," असं म्हणून संदीपच्या आई मंदाबाई यांनी तो विषय मिटवला. पुढे संदीप अंबडच्या एका कंपनीत लागला, पाथर्डी फाट्याला आमच्या सोसायटीत त्यांनी फ्लॅट घेतला, आणि लीनाने आईला बोलावून घेतलं.

बाई साठीच्या पुढच्या होत्या. उंच, जाड हाडाच्या, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. जुने हिंदी चित्रपट त्यांच्या गावात खूप चालत, त्यातून त्यांनी हिंदी उचललं होतं, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात दूधवाल्यालासुद्धा "मेरी क़सम" वगैरे यायचं. मी शाळेत शिकवत असे हे कळल्यापासून त्या मला 'उस्ताजा' म्हणत. अलेप्पो हा शब्द त्यांना आवडत नसे. त्या 'हलब' म्हणत, आणि म्हणताना ह असा खोल घशातून काढत, की त्या एका अक्षरात त्यांचा आवाज काय असेल याचा अंदाज यायचा.

मंदाबाई आणि हयातबाई या दोन विहिणींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यांची मैत्री द्राक्षाच्या पानांवर जमली. हयातबाईंच्या गावी द्राक्षाच्या कोवळ्या पानांत तांदूळ आणि खिमा भरून गुंडाळ्या करतात. इथे येऊन त्यांनी मळ्यात छाटलेल्या पानांचे ढीग गुरांपुढे पडलेले पाहिले आणि त्या कपाळाला हात लावून बांधावरच बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या पानं खुडायला निघाल्या, तेव्हा मंदाबाईंनी त्यांचा हात धरला. "विहीणबाई, औषध मारलेलं हाय त्याच्यावर. मराल." लीनाने सांगितल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, इतक्या लांब येऊन पानाने मेले तर हलबचे लोक हसतील. त्यानंतर दर वर्षी मंदाबाई घराजवळचे चार वेल फवारणीशिवाय ठेवत. त्यावर भुरी आली, घड खराब झाले, त्यांचे दीर चिडले, तरी ठेवत. पानांची पिशवी घेऊन त्या बसने यायच्या, आणि दोघी जमिनीवर बसून, एक अरबीत आणि एक दिंडोरीकडच्या मराठीत बोलत, दुपारभर गुंडाळ्या करायच्या. अशा वेळी मलाही बोलावणं असायचं.

गाण्याविषयी त्या बोलत नसत असं नाही. स्वतःच्या गाण्याविषयी बोलत नसत, पण दुसऱ्यांच्या गाण्याविषयी भरभरून बोलत. त्यांचे गुरू मशिदीत अजान देत आणि दिवसा शिंप्याचं दुकान चालवत. बाई कपडे शिवायला टाकायच्या निमित्ताने तिथे जात. एकेका झग्याला सहा महिने लागत, त्या सांगायच्या, आणि आईला वाटायचं शिंपी आळशी आहे. गुरूंनी त्यांना मवाल शिकवला. मवाल म्हणजे तालाशिवाय, सावकाश, शब्द खेळवत गायचं. आपल्या आलापाच्या जवळचं काहीतरी. पण हलबमध्ये गाणारा शिकतो तो गुरूकडून कमी आणि ऐकणाऱ्यांकडून जास्त, असं त्यांचं म्हणणं. तिथे साबणवाले, कापडवाले, सराफ असे म्हातारे लोक पहिल्या रांगेत चहाचे पेले घेऊन बसत. सोळाव्या वर्षी बाई पहिल्यांदा लोकांसमोर गायल्या, तेव्हा एका जागी सूर किंचित खाली उतरला. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने आपला पेला बशीत उपडा ठेवला. तो काही बोलला नाही, उठलाही नाही.

"बस, उल्टा कर दिया," त्या म्हणाल्या आणि हातातली वाटी जमिनीवर पालथी घालून दाखवली. "घर आके मैं तीन दिन रोई. फिर उस्ताद ने बोला, अच्छा हुआ, एक आदमी ने तुमको सुना."

पुढे रेडिओवर बोलावणं आलं, मग कॅसेटी निघाल्या. टॅक्सीवाले त्यांच्या कॅसेटी लावत. बैरूतला, ट्युनिसला कार्यक्रम झाले. हलब सोडून पिढ्यान्‌पिढ्या ब्राझीलमध्ये राहिलेल्या लोकांनी त्यांना तिकडे बोलावून नेलं, आणि ज्यांना अरबी धड बोलता येत नव्हतं तेही रडले. त्यांच्या बरोबरीची एक समीहा नावाची गायिका होती. ती कैरोला गेली, चित्रपटांत गायली, फार मोठी झाली. पाच-सहा वर्षांनी ती हलबला आली तेव्हा बाईंच्या घरी जेवायला थांबली आणि म्हणाली, तिकडे मी कसंही गायले तरी टाळ्या पडतात, आता मला कळतच नाही मी कशी गाते. हे सांगताना हयातबाईंच्या चेहऱ्यावर थोडं समाधान दिसायचं. समीहाबद्दल त्यांना शेवटपर्यंत असूया होती आणि ती त्या लपवत नसत.

मग मी विचारायची, आता हे सगळे कुठे आहेत. त्या तांदूळ भरता भरता सांगायच्या. गुरूंच्या घरावर तोफगोळा पडला. बासरीवाला जर्मनीत एका हॉटेलात भांडी धुतो. समीहा कैरोत आहे, तिकडच्या राजवटीच्या बाजूने की विरुद्ध असं पत्रकारांनी विचारल्यापासून बाहेर पडत नाही. एक तरुण गायक निदर्शनात गायला आणि आठवड्याभरात नाहीसा झाला. बाईंचे पती अदनान ऊद हे तंतुवाद्य वाजवायचे. ते युद्धाच्या आधीच हृदयविकाराने गेले. "वो नसीबवाला," त्या म्हणायच्या. त्यात गंमत नसायची.

लीनाला एक धाकटा भाऊ होता, सामेर, हे मला माहीत होतं. दिवाणखान्यात त्याचा लहानपणचा फोटो होता. त्याच्याविषयी कुणी काही सांगत नसे आणि मीही विचारलं नाही.

एकदा पुण्यात शिकणारे दोन सीरियन विद्यार्थी बाईंना भेटायला आले. लीनाची कुठूनतरी ओळख निघाली होती. मी तेव्हा त्यांच्याकडेच होते. दारातून आत येताच एकाने वाकून बाईंचा हात कपाळाला लावला आणि तो रडू लागला. लीनाने मला हळूच सांगितलं, त्याचे वडील ट्रक चालवायचे, आईच्या कॅसेटी ऐकायचे. दुसरा मुलगा बाहेर जिन्यातच उभा राहिला. लीनाने त्याला आत बोलावलं. तो दोन वाक्यं बोलला आणि खाली जाऊन उभा राहिला. लीनाचा चेहरा उतरला. बाईंना बहुधा हे अपेक्षित होतं. त्यांनी आत आलेल्या मुलाला पोटभर जेवू घातलं, आणि जाताना दुसऱ्यासाठी डबा भरून दिला. गॅलरीतून मी पाहिलं. मित्राने डबा पुढे केला, त्या मुलाने हात मागे घेतला.

"काय म्हणाला तो?" मी लीनाला विचारलं.

"म्हणाला, ज्यांच्या लग्नात ही बाई गायली, त्यांनी माझ्या काकांना मारलं." एवढंच सांगून ती आत गेली.

आमच्या मागच्या बाजूला लग्नाची दोन लॉन्स आहेत. सीझनमध्ये रोज वरात असते, डीजे असतो, खिडक्यांच्या काचा थरथरतात. सगळी सोसायटी वैतागते, तक्रारी करते, आणि शेवटी सवय होते. हयातबाईंना सवय झाली नाही. संध्याकाळी तिकडे गाणं सुरू झालं की त्या खिडक्या लावत, बाथरूममध्ये जात, नळ सोडत आणि पाण्याच्या आवाजात बसून राहत. आम्हाला वाटायचं, एवढ्या मोठ्या गायिका, हा धिंगाणा कसा सहन होईल.

दोन वर्षांपूर्वी मंदाबाईंच्या मुलीचं, म्हणजे संदीपच्या बहिणीचं, लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी मळ्यातल्या घरी आम्ही सगळे होतो. बायकांची गाणी झाली. मग मंदाबाई उठल्या, हयातबाईंसमोर जाऊन बसल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, "विहीणबाई, तीन वर्षांत तुमच्याकडं कायी मागितलं नाय. माझ्या पोरीसाठी एक गाणं म्हणा. कळलं नाय तरी चालंल." बायकांनी टाळ्या वाजवल्या. लीनाने भाषांतर केलं नाही, करण्याची गरजही नव्हती. हयातबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी मान हलवली. मंदाबाईंनी त्यांचे हात हातात घेतले, "एकच कडवं," म्हणाल्या. बाईंनी हात सोडवून घेतले, जरा जोरातच, आणि त्या गाडीत जाऊन बसल्या. लग्नाला त्या आल्या नाहीत.

मंदाबाईंना ते फार लागलं. महिनाभर त्या पाथर्डी फाट्याला फिरकल्या नाहीत. "आमी अडाणी, आमच्यापुढं कशाला गातील," असं फोनवर मला म्हणाल्या. शेवटी हयातबाईंनीच लीनाला सांगून त्यांना बोलावलं. मलाही बोलावलं. दुपार होती. नात शाळेत गेली होती. या वेळी मध्ये पानं नव्हती, तांदूळ नव्हता, नुसत्या आम्ही चौघी जमिनीवर बसलो होतो. बाई अरबीत बोलल्या, लीनाने तुकड्यातुकड्याने मराठीत सांगितलं.

सामेर एकवीस वर्षांचा होता. इंजिनिअरिंगला. तो कुठल्या बाजूचा नव्हता, असं बाई म्हणाल्या, निदान आईला सांगण्याइतका तरी नव्हता. एक दिवस कॉलेजातून येताना लष्कराच्या नाक्यावर त्याला बसमधून उतरवून घेतलं. त्यानंतर पत्ता नाही. बाई दोन महिने ऑफिसं फिरल्या. मग एका बड्या अधिकाऱ्याचा निरोप आला. तो म्हणाला, मी शाळेत असल्यापासून तुमच्या कॅसेटी ऐकतो. माझ्या मुलीचं लग्न आहे. तुम्ही आलात तर मी तुमच्या मुलाचं बघतो.

त्या गेल्या. शहराच्या एका भागात बॉम्ब पडत होते आणि दुसऱ्या भागात त्या हॉलमध्ये झुंबरं लागली होती. गाणं झाल्यावर तो अधिकारी म्हणाला, मुलगा जिवंत आहे, बरा आहे, जरा वेळ लागेल. मग त्याच्या भावाच्या मुलाचं लग्न आलं. मग त्याच्या साहेबांकडचं. प्रत्येक वेळी तेच, बरा आहे, वेळ लागेल. कुणीतरी चित्रण केलं आणि ते गावभर पसरलं. ज्यांनी त्यांच्या कॅसेटी जपल्या होत्या त्यांनी रस्त्यात टाकून चिरडल्या. सख्ख्या बहिणीने दार लावून घेतलं. बाई कुणाला काही सांगू शकत नव्हत्या, सांगितलं तर मुलाचं काय होईल ही भीती. वर्षाने तुरुंगातून सुटलेला एक माणूस गुपचूप भेटायला आला. तो सामेरच्या कोठडीत होता. त्याने सांगितलं, सामेर धरल्यानंतर तिसऱ्या आठवड्यातच गेला. पोटाचा आजार झाला होता, औषध दिलं नाही.

म्हणजे पहिल्या लग्नाच्या आधीच, लीना म्हणाली. हे वाक्य बाईंचं नव्हतं, तिचं होतं.

मंदाबाईंनी तोंडाला पदर लावला होता. मग त्यांनी विचारलं, "त्या मेल्याला माहीत व्हतं का? लेकरू गेलेलं?"

लीनाने विचारलं. बाईंनी खांदे उडवले. माहीत असेल. नसेलही. तिथे इतकी मुलं होती, की त्याने चौकशीच केली नसेल.

मग त्या स्वतः बोलल्या, लीनाकडे न बघता, थेट मंदाबाईंशी, त्यांच्या त्या चित्रपटातल्या हिंदीत. "मैं अच्छा गाई," त्या म्हणाल्या. "समझी? डर के गाती, ख़राब गाती, तो ठीक था. मैं बहुत अच्छा गाई. पहली शादी में ऐसा मवाल हुआ, ज़िंदगी में नहीं हुआ. लोग रोए. मैं घर आई तो ख़ुश थी. बेटा मिट्टी में, और मैं ख़ुश थी."

मंदाबाई पुढे सरकल्या. त्यांनी काही समजूत घातली नाही. बाईंचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं आणि लहान मुलाच्या पाठीवर थापटतात तसं थापटत राहिल्या. हयातबाई रडल्या नाहीत. लीना रडत होती.

त्यानंतर मंदाबाईंच्या घरात त्यांना गाण्याबद्दल कुणी विचारलं नाही. मंदाबाईंनी सगळ्या भावकीला तसं बजावून ठेवलं होतं.

मग तिकडची ती राजवट कोसळली. दोन आठवड्यांत सगळं झालं, टीव्हीवर माणसं रस्त्यात नाचताना दिसली. लीनाने पेढे आणले. संदीपने सासूबाईंना फोन लावून दिला, हलबच्या त्यांच्या बहिणीशी बोलायला. बहीण इतक्या वर्षांनी बोलली. आम्हाला वाटलं, आता बाईंना थोडं हलकं वाटेल. झालं उलटंच. तुरुंगांची दारं उघडली, आतून माणसं बाहेर येतानाची चित्रणं फोनवर फिरू लागली. काही जण वीस-पंचवीस वर्षांनी बाहेर आले होते. काहींना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. मेले म्हणून ज्यांचे दिवस घातले होते, ते घरी आले होते. बाई दिवसभर ती चित्रणं बघत. एकेक चेहरा आला की बोटाने थांबवत, मोठा करत.

"आई, तो माणूस डोळ्यांनी बघून सांगून गेला ना?" लीना म्हणायची.

"उसने एक लड़का देखा," बाई माझ्याकडे बघून म्हणायच्या. "अंधेरा था."

इतकी वर्षं त्यांनी मुलाला पुरून टाकलं होतं, मनात का होईना. आता ते सगळं परत उकरलं गेलं. त्यांचं जेवण सुटलं. मंदाबाई बसने यायच्या, भाकरी कुस्करून पुढे ठेवायच्या, त्यांनी दोन घास खाल्ले की परत जायच्या. महिनाभराने बाईंनी सांगितलं, मी जाणार. लीनाला तिसरा महिना होता, तिला डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं होतं. संदीपने समजावलं. मीही दोन शब्द बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाटावरची बॅग खाली काढली.

जाण्याच्या दोन दिवस आधी त्यांना सामेरचा फोटो मोठा करून हवा होता, हातात धरता येईल असा, पावसात भिजू नये असा. मी आणि लीना त्यांच्याबरोबर इंदिरानगरच्या एका फोटो स्टुडिओत गेलो. फोनमधला फोटो बघून काउंटरवरच्या माणसाने आवाज खाली आणला आणि सवयीप्रमाणे विचारलं, "हार घालायचा ना ताई? मग काळी पट्टी असलेली फ्रेम घ्या. खाली तारीख टाकून देतो." बाईंनी लीनाकडे पाहिलं, तो काय म्हणतो म्हणून. लीना म्हणाली, साइज विचारतोय. मग मराठीत त्या माणसाला म्हणाली, "फ्रेम नको. तारीख पण नको. नुसतं लॅमिनेशन करा." तो माणूस शहाणा होता. त्याने लगेच पावती फाडली.

बाई गेल्या. बहिणीकडे उतरल्या. बहिणीचा मुलगा त्यांना गाडीने दमास्कसला घेऊन जायचा. तिथल्या तुरुंगांत, इस्पितळांच्या शवागारांत, जिथे जिथे लोक शोधत होते तिथे त्या गेल्या. सामेर सापडला नाही. जिवंत नाही, आणि मातीतही नाही. तीन महिन्यांनी बहिणीच्या घरी झोपेतच बाईंचं हृदय बंद पडलं. लीनाला सातवा महिना लागला होता, तिला जाता आलं नाही. तिकडच्या वर्तमानपत्रांत एक-दोन ठिकाणी बातमी आली. लीनाने मला वाचून दाखवली. एकाने त्यांना हलबचा आवाज म्हटलं होतं, दुसऱ्याने जल्लादांची गायिका. मंदाबाईंनी मळ्यात दहाव्याला स्वयंपाक केला. "आमच्यात असं करत्यात," एवढंच त्या म्हणाल्या, कुणाची परवानगी न विचारता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जाण्याच्या दिवशी नाही, त्यानंतर दोन आठवड्यांनी, लीनाच्या फोनवर. भाच्याने व्हिडिओ कॉल लावला होता. दमास्कसमधल्या एका इस्पितळाबाहेरची भिंत होती आणि ती माणसाच्या उंचीपर्यंत फोटोंनी भरली होती. समोर गर्दी. बाईंनी जाड काळा कोट घातला होता, त्यात त्या बारीक दिसत होत्या. आमच्याशी त्या दोन मिनिटं बोलल्या. लीनाला जेवतेस का विचारलं. मला "उस्ताजा" म्हणून हात केला. तेवढ्यात त्यांच्या शेजारी उभी असलेली एक बाई त्यांच्याकडे निरखून बघू लागली. तिच्याही हातात एका मुलाचा फोटो होता. तिने बाईंना काहीतरी विचारलं. बाईंनी उत्तर दिलं आणि लीना माझा दंड घट्ट धरून बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"ती विचारतेय, तुम्ही त्या गाणाऱ्या हयात का?"

"मग?"

"आई म्हणाली, नाही."

त्या अनोळखी बाईने मान डोलावली. तिला पटलं की नाही, कळलं नाही. तिने हयातबाईंच्या हातातला फोटो आपल्याकडे वळवून नीट पाहिला, मग आपल्या हातातला त्यांच्यापुढे धरला. त्यांनीही तो नीट पाहिला. दोघींनी नाही म्हणून मान हलवली. आणि बाई पुढच्या माणसाकडे वळल्या, मग त्याच्या पुढच्याकडे, फोटो दोन्ही हातांनी छातीशी, लोकांना दिसेल असा धरून. आमचा फोन चालू आहे हे त्या विसरल्या होत्या. भाच्याचा हात दमून खाली आला असावा. थोडा वेळ नुसते लोकांचे पाय आणि ओला रस्ता दिसत राहिला.